शेवटच्या षटकांचे गोलंदाज: तेव्हाचे आणि आताचे

मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये डावाची शेवटची षटके टाकणे हे आज वेगळे कसब मानले जाते. खेळाडूंच्या लिलावात त्याला वेगळा भाव मिळतो, सरावात त्यासाठी वेगळा वेळ ठेवला जातो आणि सामना हातचा गेला की आधी याच षटकांचा हिशेब मांडला जातो. साठ वर्षांपूर्वी आपल्याकडे हे काम कोणाचेच नव्हते. त्या वेळी ज्याच्या हातात चेंडू असेल तो ते करी. म्हणून जुन्या आणि नव्या गोलंदाजांची तुलना करायची तर हे काम कसे घडत गेले ते आधी पाहावे लागते. नुसते आकडे शेजारी ठेवून काही हाती लागत नाही.

या इतिहासातली बरीच नावे मुंबईहून वडोदऱ्याकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गालगतची आहेत. पालघरचा शार्दुल ठाकूर किटबॅग घेऊन लोकलने मुंबई गाठत असे. सुरत जिल्ह्यातील चोर्यासी येथे १९९३ मध्ये हार्दिक पंड्याचा जन्म झाला. पुढे वडिलांनी सुरतेतला छोटा व्यवसाय बंद करून कुटुंब वडोदऱ्याला नेले आणि दोन्ही मुलांना माजी यष्टिरक्षक किरण मोरे यांच्या अकादमीत घातले. भरूच जिल्ह्यातील इखर हे मुनाफ पटेलचे गाव. श्रीरामपूरचा झहीर खान प्रथम श्रेणीत आला तो वडोदऱ्याकडून. २०००-०१ च्या रणजी अंतिम सामन्यात रेल्वेच्या दुसऱ्या डावात ४३ धावांत ५ बळी घेऊन त्याने बडोद्याला २१ धावांनी विजेतेपद मिळवून दिले. सुरतेत उधन्याच्या बाजूला नवागाम-डिंडोलीच्या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी खोऱ्यातल्या रेल्वेने आलेल्या खानदेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मुंबईचे आणि बडोद्याचे क्रिकेट तिथे सारख्याच आपुलकीने पाहिले जाते.

जुन्या काळी गोलंदाजाचे मोल ठरे ते त्याच्या दमावर. डावखुरे फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. जातीमुळे पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या भांड्यातून चहा घ्यावा लागणारा हा माणूस मैदानात मात्र संघाचा सगळा भार वाहत होता. रमाकांत देसाई उंचीने लहान, अंगाने सडपातळ. १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत एका डावात त्यांनी ४९ षटके टाकली आणि १६९ धावांत ४ बळी घेतले. आजचा वेगवान गोलंदाज ट्वेंटी-२० च्या बारा सामन्यांत मिळून ४८ षटके टाकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका डावातल्या कष्टाचा अंदाज येतो.

नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध जे केले ते आजही वाचणाऱ्याला थक्क करते. ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. त्यांत सलग २१ षटके निर्धाव होती आणि लागोपाठ १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. सरावात खेळपट्टीवर एक नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याची त्यांची सवय मुंबईच्या मैदानांवर पुढे अनेक वर्षे सांगितली जात असे. कारकीर्दीत त्यांनी षटकामागे सरासरी १.६७ धावा दिल्या. मात्र तेव्हा धावा रोखणे हे शेवटच्या षटकांपुरते काम नव्हते. ते सकाळी सुरू होई आणि संध्याकाळी दिवस संपला की थांबे.

सामना संपवून देण्याचे काम वेगळे काढण्याची वाट अमेरिकेतील बेसबॉलने क्रिकेटच्या आधी धरली. तिथेही पूर्वी पिचरने नऊच्या नऊ डाव एकट्याने टाकावेत अशीच अपेक्षा असे. साय यंगने १८९० ते १९११ या काळात ७४९ सामने असे स्वतःच पूर्ण केले. थकलेल्या पिचरच्या जागी येणारा रिलीफ पिचर हा बहुधा पहिल्या पसंतीत न बसलेला खेळाडू असायचा. १९२० च्या दशकात वॉशिंग्टनच्या फर्पो मारबेरीने या कामाला प्रतिष्ठा मिळवून द्यायला सुरुवात केली. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरसाठी 'सेव्ह' ही नोंद सुचवली आणि १९६९ पासून ती अधिकृत झाली. नोंद आली तशी या कामाची किंमतही वाढली.

तिथल्या जुन्या आणि नव्यांतले अंतर आकड्यांत स्वच्छ दिसते. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या माइक मार्शलने एका हंगामात १०६ सामन्यांत बदली म्हणून येऊन २०८ हून अधिक डाव टाकले. १९७५ मध्ये गूस गॉसेज १४१ हून अधिक डाव टाकत होता. अनेकदा तो सातव्या डावात यायचा आणि शेवटपर्यंत थांबायचा. ऑकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी १९८८ पासून डेनिस एकर्स्लीला बहुतेक वेळा फक्त नवव्या डावासाठी राखून ठेवले. १९९० मध्ये त्याने अवघे ७३ डाव टाकून ४८ सेव्ह मिळवले. मारियानो रिवेराने हीच पद्धत शिखरावर नेली. त्याचे ६५२ सेव्ह हा विक्रम आहे आणि २०१९ मध्ये सर्वच्या सर्व मते मिळवून तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. रिवेरा मोठा की गॉसेज, या वादाला तिथे अंत नाही. गॉसेजने तीन डावांची जोखीम पेलली, रिवेराने एका डावात चूक होऊ दिली नाही. दोघांना दिलेले कामच निराळे होते.

क्रिकेट आणि बेसबॉल यांत इथे एक मूळचा फरक आहे. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परतत नाही आणि त्याच्या जागी बाकावरून ताजा माणूस येतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज अकरा जणांतलाच असतो, थांबतो आणि पुन्हा येतो. म्हणून इथे प्रश्न माणूस राखण्याचा नसून षटके राखण्याचा असतो. हा प्रश्न उभा केला तो एकदिवसीय क्रिकेटमधल्या एका नियमाने. एका गोलंदाजाला डावातली एक पंचमांश षटकेच टाकता येतात. साठ षटकांत बारा, पन्नासात दहा, विसांत चार. चांगल्या गोलंदाजाची षटके सुरुवातीला संपवली तर शेवटी कोण, या विवंचनेतूनच हे कसब जन्माला आले.

भारतात मर्यादित षटकांची आंतरविभागीय स्पर्धा १९७३-७४ मध्ये सुरू झाली. तिला पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. पण नव्या खेळाचे गणित भारतीय संघाच्या अंगवळणी पडायला दहा वर्षे लागली. १९७५ च्या विश्वचषकात बिशनसिंग बेदी यांनी पूर्व आफ्रिकेविरुद्ध १२ षटकांत ८ निर्धाव टाकून अवघ्या ६ धावा दिल्या. ही गोलंदाजी कसोटीचीच होती, फक्त षटके मोजलेली होती. १९८३ च्या अंतिम सामन्यात १८३ धावांचे रक्षण करताना मोहिंदर अमरनाथ यांनी ७ षटकांत १२ धावा देऊन ३ बळी घेतले आणि शेवटचा बळीही त्यांचाच. ते मुख्यतः फलंदाज होते. सामना संपवण्यासाठी खास तयार केलेला गोलंदाज विश्वविजेत्या संघातही नव्हता.

ती उणीव १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात उघडी पडली. पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर ४ धावा हव्या होत्या. वीस वर्षांच्या चेतन शर्माचा यॉर्कर साधला नाही, फुलटॉस पडला आणि जावेद मियाँदादने षटकार मारला. त्या एका चेंडूवरून चेतन शर्माला वर्षानुवर्षे बोल लावले गेले, आणि तो मोठा अन्याय होता. शेवटच्या षटकात काय टाकायचे याचे शिक्षण तेव्हा भारतात कोणाला मिळत नव्हते. चेंडू ओला असता, फलंदाज क्रीझमध्ये मागे उभा असता यॉर्करचा टप्पा कसा बदलायचा, हे आज सोळा वर्षांच्या मुलालाही शिकवले जाते.

पुढची सात-आठ वर्षे कर्णधार शेवटचे षटक अंदाजाने आणि हिंमतीने देत राहिले. त्यातला सर्वांत धाडसी निर्णय २४ नोव्हेंबर १९९३ चा. हीरो कपच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या. कपिल देव, जवागल श्रीनाथ, मनोज प्रभाकर या तिघांचीही षटके शिल्लक होती. महंमद अझरुद्दीनने चेंडू दिला तो तोवर एकही षटक न टाकलेल्या सचिन तेंडुलकरला. संथ झालेल्या खेळपट्टीवर वेग न देण्यातच शहाणपण होते. पहिल्याच चेंडूवर फॅनी डिव्हिलियर्स धावबाद झाला, नंतर ॲलन डोनाल्डला चेंडू बॅटीवर घेता येईना, आणि षटकात तीनच धावा निघून भारत दोन धावांनी जिंकला. नोव्हेंबर १९९६ मध्ये मोहालीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा ६ धावा राखायच्या होत्या, पुन्हा सचिनच्या हाती चेंडू दिला गेला आणि पुन्हा भारत जिंकला. बेसबॉलमध्ये ही दोन्ही षटके 'सेव्ह' म्हणून कायमची नोंदली गेली असती. क्रिकेटच्या धावफलकात ईडनच्या षटकाची नोंद एक षटक, तीन धावा, शून्य बळी एवढीच आहे.

झहीर खानबरोबर भारताला शेवटच्या षटकांचा खरा जाणकार मिळाला. त्याचे मुख्य अस्त्र रिव्हर्स स्विंग. चेंडूची एक बाजू घासून खडबडीत झाली आणि दुसरी चकचकीत राखली की जुना चेंडू वेगाने आत वळतो. पस्तीस-चाळीस षटकांनंतर ते साधते. बोटांच्या पेरांनी पकडून सोडायचा नकल बॉलही त्याने याच काळात हाती आणला. २७ फेब्रुवारी २०११ रोजी बंगळूरला ३३८ धावांचा पाठलाग करताना इंग्लंड सहज जिंकणार असे दिसत होते. झहीरने इयन बेल आणि १५८ धावांवर खेळणारा अँड्र्यू स्ट्रॉस यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले. शेवटच्या षटकात १४ हव्या असताना मुनाफ पटेलने १३ दिल्या आणि सामना बरोबरीत सुटला. त्याच वर्षी १५ जानेवारीला जोहान्सबर्गमध्ये १९० धावांचे रक्षण करताना मुनाफने २९ धावांत ४ बळी घेऊन भारताला एका धावेने जिंकून दिले होते. त्या विश्वचषकात झहीरने २१ बळी मिळवले. इखरचा मुनाफ वेगवान गोलंदाज म्हणून आला आणि पुढे वेग कमी करून अचूकतेवर जगला. त्याच्या या दुसऱ्या अवताराची पुरेशी कदर झाली नाही.

झहीरच्या पिढीची विद्या पुढच्यांना जशीच्या तशी मिळाली नाही, कारण नियम बदलले. ऑक्टोबर २०११ पासून एकदिवसीय डावात दोन्ही टोकांनी वेगवेगळे नवे चेंडू आले. म्हणजे पन्नासाव्या षटकातही चेंडू पंचवीसच षटके जुना राहू लागला आणि रिव्हर्स स्विंग जवळपास नाहीसा झाला. २०१२ मध्ये वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवण्याचे बंधन आले. ते गोलंदाजांना इतके जाचले की २०१५ मध्ये शेवटच्या दहा षटकांसाठी पुन्हा पाच क्षेत्ररक्षकांची मुभा द्यावी लागली. करोनाच्या काळात चेंडूला थुंकी लावायला बंदी झाली, आणि २०२२ मध्ये ती कायम करण्यात आली. २०२५ च्या जुलैपासून ३४ षटकांनंतर दोनांपैकी एकच चेंडू निवडून पुढे वापरायचा नियम झाला आहे. त्यामुळे जुन्या चेंडूची कला एकदिवसीय सामन्यांत थोडी तरी परतेल.

ट्वेंटी-२० ने तर शेवटची षटके हाच खेळाचा गाभा केला. २००७ च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जोगिंदर शर्माला १३ धावा राखायला दिल्या गेल्या, तेव्हा तो निर्णयही हीरो कपसारखाच हिंमतीचा होता. आयपीएलने हिंमतीची जागा तयारीला दिली. मुंबई इंडियन्सच्या लसित मलिंगाच्या सोबतीने अहमदाबादचा जसप्रीत बुमराह घडला. लहानपणी घरात आवाज होऊ नये म्हणून भिंत आणि फरशी जिथे मिळतात नेमक्या तिथे चेंडू टाकायची सवय त्याने लावून घेतली होती, आणि तोच त्याचा यॉर्कर. १२ मे २०१९ च्या आयपीएल अंतिम सामन्यात बुमराहने ४ षटकांत १४ धावा देऊन २ बळी घेतले. मलिंगाची आधीची तीन षटके महागात पडली होती, तरी रोहित शर्माने शेवटचे षटक त्यालाच दिले. ९ धावा राखायच्या होत्या. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या असताना संथ यॉर्करवर शार्दुल ठाकूर पायचीत झाला आणि मुंबई एका धावेने जिंकली.

शार्दुलने स्वतः १८ मार्च २०२१ रोजी अहमदाबादला इंग्लंडविरुद्ध लागोपाठच्या चेंडूंवर बेन स्टोक्स आणि इऑन मॉर्गन यांना बाद केले आणि शेवटच्या षटकात २३ धावा राखल्या. धावा त्याच्या गोलंदाजीवर जातात, तो बळी घेऊन त्यांची भरपाई करतो. शेवटच्या षटकांत हा मार्ग जोखमीचा असला तरी तो खोटा नाही. हार्दिक पंड्याचेही तसेच. २३ मार्च २०१६ रोजी बंगळूरला बांगलादेशला तीन चेंडूंत दोन धावा हव्या होत्या. हार्दिकच्या पुढच्या दोन चेंडूंवर दोन झेल गेले, तिसऱ्यावर धोनीने धावत येऊन फलंदाज धावबाद केला. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला २४ चेंडूंत २६ धावा हव्या असताना त्याने हाइनरिख क्लासेनला बाद केले. अठराव्या षटकात बुमराहने दोन आणि एकोणिसाव्यात अर्शदीप सिंगने चार धावा दिल्या. शेवटच्या षटकात हार्दिकने १६ धावा राखल्या आणि सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल टिपला. हे तिघांनी वाटून केलेले काम होते. आजच्या संघांत ते असेच वाटले जाते.

बाकावरून ताजा गोलंदाज आणण्याची बेसबॉलची रीत आयपीएलमध्ये आली ती २०२३ मध्ये, 'इम्पॅक्ट प्लेअर' या नियमाने. तिचा पहिला मान कल्याणच्या तुषार देशपांडेला मिळाला. ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादला चेन्नईची फलंदाजी संपल्यावर अंबाती रायुडूच्या जागी तो गोलंदाज म्हणून उतरला. त्या रात्री तो महागडा ठरला, पण हंगामाअखेर त्याच्या नावावर २१ बळी होते आणि चेन्नई विजेती होती. मात्र हाच नियम समोरच्या संघाला एक जादा फलंदाजही देतो. त्यामुळे फलंदाज सुरुवातीपासून निर्धास्त मारतात आणि गोलंदाजांच्या धावा वाढतात. २०२३ नंतरचे आयपीएलचे आकडे त्याआधीच्या आकड्यांशी ताडून पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये.

टेनिस चेंडूच्या सामन्यांत ही तुलना आणखी वेगळी होते. नवागामसारख्या गिरणी-कारखान्यांच्या कामगार वस्त्यांतले क्रिकेट मुख्यतः याच चेंडूवर चालते. डाव सहा, आठ किंवा दहा षटकांचा असतो. गोलंदाजाच्या वाट्याला एक-दोन षटके येतात आणि जवळपास प्रत्येक षटक शेवटचे असल्यासारखेच टाकावे लागते. चेंडूला शिवण नाही, त्यामुळे स्विंगचा आधार नाही. पायाशी पडणारा यॉर्कर, वेगातला बदल आणि हाताची फसवी चाल एवढेच भांडवल. मलिंगा आणि तमिळनाडूचा टी. नटराजन हे दोघेही याच शाळेतून लेदरच्या चेंडूकडे आले. शेवटच्या षटकांचा पाया क्लबच्या जाळ्यांपेक्षा या मैदानांवर अधिक पक्का होतो, असे म्हणायला जागा आहे.

सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर २४ सप्टेंबर २०१९ रोजी दीप्ती शर्माने दक्षिण आफ्रिकेच्या महिला संघाविरुद्ध ४ षटकांत ३ निर्धाव टाकून ८ धावांत ३ बळी घेतले. नाडकर्णींच्या मद्रासच्या आकड्यांजवळ जाणारे ट्वेंटी-२० मधले उदाहरण शोधायचे तर हे एक. तुलनेची रास्त रीत म्हणजे गोलंदाजाने दिलेल्या धावा त्या डावातल्या एकूण धावगतीशी ताडून पाहणे. मद्रासला इंग्लंडने सुमारे १९० षटकांत ३१७ केल्या, म्हणजे षटकाला १.६६. नाडकर्णींनी दिल्या ०.१६, म्हणजे दहावा भाग. सुरतेत दक्षिण आफ्रिकेची गती षटकाला ६ होती, दीप्तीने दिल्या २, म्हणजे तिसरा भाग. ब्रिजटाऊनला गती ८.४५, बुमराहने ४ षटकांत १८ धावा दिल्या, म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक. या मोजणीत नाडकर्णी सर्वांच्या पुढे दिसतात. पण मद्रासच्या फलंदाजांना धावांची घाई नव्हती, चेंडू नुसता अडवला तरी त्यांचे भागत होते. ब्रिजटाऊनच्या फलंदाजाला प्रत्येक चेंडू मारणे भाग होते. त्या संपूर्ण विश्वचषकात असे फलंदाज समोर असताना बुमराहने षटकामागे ४.१७ धावा दिल्या आणि १५ बळी घेतले. शेवटच्या षटकांपुरते बोलायचे तर त्याच्या तोडीचा गोलंदाज भारतात आधी झाला नाही. दिवसभर एका टोकाने धावा गोठवून ठेवण्यात नाडकर्णींची बरोबरी करण्याची संधी आजच्या खेळात कोणाला मिळतच नाही.